ग्लुकोकायनेज काढल्यावरही ई. कोलाय ग्लुकोजवर वाढतो, तो कसा? पीटीएस यंत्रणा आणि तिची मोजणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ई. कोलाय या जिवाणूच्या के-१२ वाणातून ग्लुकोकायनेजचं, म्हणजे एटीपी वापरून ग्लुकोजला फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमचं, जनुक (जीएलके) काढून टाकलं. ग्लुकोजला फॉस्फेट लागणार नाही, ग्लायकोलिसिसची (ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवण्याच्या मार्गाची) पहिली पायरीच बंद पडेल आणि वाढ थांबेल, अशी अपेक्षा होती. पण ग्लुकोजवरची वाढ मूळ वाणासारखीच राहिली. पेशी फोडून, सेंट्रिफ्यूज करून मिळालेल्या स्वच्छ अर्कात ग्लुकोज आणि एटीपी (पेशीतला फॉस्फेट देणारा ऊर्जा-रेणू) घातलं तर फॉस्फोरिलेशन जवळपास शून्य. मग ग्लुकोजला फॉस्फेट लावतं कोण, आणि ते मोजायचं कसं?

जनुक नीट निघालेलं आहे आणि अर्कही बहुधा ठीक आहे. दोन्ही निकाल बरोबर आहेत आणि ते एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. पाठ्यपुस्तकात ग्लायकोलिसिस हेक्सोकायनेज आणि एटीपीने सुरू होतं, कारण तो मार्ग यीस्ट आणि स्नायूंवरच्या कामातून उलगडला. ई. कोलाय बाहेरचं ग्लुकोज आधी आत घेऊन मग फॉस्फेट लावत बसत नाही. पेशीपटल ओलांडतानाच ग्लुकोजला फॉस्फेट लागतो, आणि तो येतो फॉस्फोएनॉलपायरूव्हेटकडून, म्हणजे पीईपीकडून. पेशीच्या आत जे पोचतं ते थेट ग्लुकोज-६-फॉस्फेट. ग्लुकोकायनेजला या रस्त्यावर कामच नसतं.

या यंत्रणेचं नाव फॉस्फोट्रान्स्फरेज सिस्टिम, सगळे पीटीएस म्हणतात. १९६४ मध्ये वर्नर कुंडिग, सुधामय घोष आणि सॉल रोझमन यांनी मिशिगन विद्यापीठात ती शोधली. एटीपीऐवजी पीईपी वापरणारं फॉस्फोरिलेशन आणि वाटेत एका लहान प्रथिनाच्या हिस्टिडीन या अमिनो आम्लावर बसलेला फॉस्फेट, हे त्या पहिल्या निबंधातच होतं. ते लहान प्रथिन उकळूनही टिकतं, आणि शुद्धीकरणाच्या वेळी हा गुण आजही कामाला येतो.

फॉस्फेटचा प्रवास

ग्लुकोजच्या बाबतीत फॉस्फेट पाच हातांतून जातो. पीईपीकडून तो आधी एन्झाइम-१ च्या १८९ व्या हिस्टिडीनवर येतो. तिथून एचपीआर या ८५ अमिनो आम्लांच्या प्रथिनाच्या १५ व्या हिस्टिडीनवर, मग ईआयआयए-ग्लुकोज या प्रथिनाच्या ९० व्या हिस्टिडीनवर, नंतर पटलातल्या पीटीएसजी प्रथिनाच्या ४२१ व्या सिस्टीनवर, आणि शेवटी ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवर. पहिली तीन प्रथिनं पेशीद्रवात विरघळलेली असतात. त्यांची जनुकं पीटीएसएच (एचपीआरचं), पीटीएसआय (एन्झाइम-१ चं) आणि सीआरआर (ईआयआयए-ग्लुकोजचं) अशी एकाच ओपेरॉनमध्ये, म्हणजे एकत्र चालणाऱ्या जनुकांच्या गटात, शेजारी-शेजारी आहेत. पीटीएसजीचे दोन भाग आहेत: सी-भाग पटलात रुतलेला असतो आणि ग्लुकोज धरतो, बी-भाग आतल्या बाजूला असतो आणि त्याच्यावर ते सिस्टीन असतं.

एन्झाइम-१ आणि एचपीआर ही सामाईक प्रथिनं. पुढचे भाग शर्करेप्रमाणे बदलतात. मॅनिटॉलसाठी ए, बी आणि सी हे तिन्ही भाग ६३७ अमिनो आम्लांच्या एकाच साखळीत आहेत. मॅनोजची यंत्रणा (मॅनएक्स, मॅनवाय, मॅनझेड) वेगळ्या घराण्यातली आहे. तिच्यात चौथा डी-भागही आहे आणि तिच्या बी-भागावर सिस्टीनऐवजी हिस्टिडीनच फॉस्फेट धरतं. ही मॅनोज यंत्रणा ग्लुकोजही आत घेते, तिची आठवण ठेवा, पुढे लागणार आहे. फ्रुक्टोजचा मामला आणखी वेगळा: तिथे एचपीआरसारखाच एक भाग फ्रुक्टोजच्या स्वतःच्या प्रथिनात जोडलेला आहे आणि आत येतं ते फ्रुक्टोज-१-फॉस्फेट. म्हणूनच पीटीएसएच काढलेला वाण फ्रुक्टोजवर वाढताना दिसला तर जनुक निघालंच नाही असा निष्कर्ष काढू नका.

ऊर्जेचा हिशोब पाहिला की ही रचना का टिकली ते समजतं. पीईपीच्या जलापघटनाची प्रमाण मुक्त ऊर्जा उणे ६१.९ किलोज्यूल प्रति मोल, एटीपीची उणे ३०.५, ग्लुकोज-६-फॉस्फेटची उणे १३.८. म्हणजे पीईपीचा फॉस्फेट ग्लुकोजवर बसतो तेव्हा साधारण ४८ किलोज्यूल उतार मिळतो. ३७ अंशांना दहापट संहती-फरकासाठी सुमारे ५.९ किलोज्यूल लागतात. त्या हिशोबाने हा उतार आठ दशमान पायऱ्यांएवढा आहे. अर्थात एकूण क्रिया व्यवहारात उलटी फिरत नाही आणि बाहेर अगदी थोडं ग्लुकोज असलं तरी ते ओढलं जातं. पीटीएसजीची ग्लुकोजसाठीची केएम (निम्मा वेग मिळायला लागणारी संहती) सुमारे १० ते २० मायक्रोमोलर आहे. मधल्या हिस्टिडीन-फॉस्फेटच्या पायऱ्यांवर मात्र ऊर्जा फारशी खर्च होत नाही, त्या पुढे-मागे दोन्हीकडे चालतात. नियमनाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे.

खर्च किती, तर एक पीईपी. ग्लुकोकायनेजच्या रस्त्याने गेलं तर फॉस्फेटसाठी एक एटीपी आणि वर वाहतुकीसाठी एक प्रोटॉन लागतो. पीटीएसमध्ये वाहतूक आणि फॉस्फोरिलेशन मिळून एक पीईपी, आणि तो पीईपी एरवी पायरूव्हेट कायनेजकडून एक एटीपी देऊन गेला असता. म्हणजे वाहतूक जवळजवळ फुकटात होते. ऑक्सिजनशिवाय एका ग्लुकोजमागे ग्लायकोलिसिसमधून निव्वळ दोनच एटीपी हातात पडतात, तिथे ही बचत मोठी आहे.

आता नेमकं पटलात काय घडतं? ‘शर्करा आरपार जाते आणि पलीकडे फॉस्फेट लागतो’ एवढंच म्हटलं तर अर्धी गोष्ट राहते. सी-भाग ग्लुकोजला धरून बाहेरच्या तोंडाकडून आतल्या तोंडाकडे नेतो. बॅसिलस सीरियसच्या अशा दोन प्रथिनांच्या रचना २०११ आणि २०१६ मध्ये उलगडल्या, एक आत उघडणारी, दुसरी बाहेर उघडणारी. त्यांची तुलना केली की शर्करा धरणारा संपूर्ण तुकडाच लिफ्टसारखा वर-खाली सरकतो असं दिसतं. आतल्या तोंडाशी बी-भागाचं सिस्टीन येऊन शर्करेला फॉस्फेट देतं, आणि फॉस्फेट लागलेली शर्करा सी-भागाला घट्ट धरता येत नाही, ती सुटते. फॉस्फेट नसेल तर मूळ पीटीएसजीतून ग्लुकोज आत सुटण्याचा वेग अगदी नगण्य असतो. म्हणून पीटीएसजी शाबूत असलं तरी पीटीएसआय काढल्यावर हे दार बंदच राहतं.

मग ग्लुकोकायनेज कशासाठी?

आत तयार होणाऱ्या ग्लुकोजसाठी. लॅक्टोज, माल्टोज या शर्करा पीटीएसशिवाय आत येतात आणि फुटल्यावर पेशीत मोकळं ग्लुकोज तयार होतं. ते पीटीएसच्या दाराच्या आत असल्याने त्याला फॉस्फेट लावायला ग्लुकोकायनेजच हवं. तुमच्या वाणाचा फरक पाहायचा असेल तर ग्लुकोजऐवजी माल्टोजवर वाढीचा वेग मोजा.

ग्लुकोजवरची वाढ खरोखर थांबवायची असेल तर एक जनुक पुरत नाही. फक्त पीटीएसजी काढलं तर वेग घटतो, पण मॅनोज यंत्रणा ग्लुकोज आणत राहते. पीटीएसजी आणि मॅनझेड दोन्ही काढली तरी गॅलपी हे प्रोटॉनवर चालणारं गॅलॅक्टोजचं वाहक प्रथिन ग्लुकोज आत आणू शकतं आणि ग्लुकोकायनेज त्याला फॉस्फेट लावतं. पीटीएसजी, मॅनझेड आणि जीएलके ही तिन्ही काढल्यावर ग्लुकोजवरची वाढ जवळजवळ थांबते. अशा वाणावर ग्लुकोजच्या प्लेटा बरेच दिवस ठेवल्या तर काही वसाहती उगवतातच. त्यांना दूषण म्हणून टाकून देण्याआधी तपासा, कारण दबाव आला की जिवाणू पर्यायी रस्ते उघडतो. पीटीएसचा अख्खा ओपेरॉन काढलेल्या वाणांतून वेगाने वाढणारे वाण निवडले तेव्हा त्यांच्यात गॅलपीवरचा ताबा सुटलेला आढळला.

इथे एक सामान्य फसगत होते. एम-९ माध्यमात ०.४ टक्के ग्लुकोज म्हणजे २२ मिलिमोलर, पीटीएसजीच्या केएमच्या हजारपटीहून जास्त. एवढ्या भरपूर ग्लुकोजमध्ये कमी आसक्तीचे आडरस्तेही चांगले चालतात आणि म्यूटंटमधला फरक झाकला जातो. फरक पाहायचा असेल तर कमी ग्लुकोजवरही प्रयोग करा. आणि ग्लुकोजचं २० टक्क्यांचं द्रावण वेगळं निर्जंतुक करून थंड माध्यमात घाला. फॉस्फेट किंवा अमिनो आम्लांसोबत ऑटोक्लेव्ह केलं की ते तपकिरी पडतं आणि मग वाढीतला फरक जनुकामुळे की खराब माध्यमामुळे, हे सांगता येत नाही.

प्लेटवर झटपट पाहायचं असेल तर शर्करारहित मॅकाँकी अगारात १ टक्का मॅनिटॉल घाला. पेप्टोन असल्याने सगळ्याच वसाहती उगवतात, पण पीटीएसआय नसलेला वाण आम्ल करत नाही आणि फिका राहतो. १८ ते २४ तासांत वाचन घ्या, त्यानंतर आम्ल पसरून शेजारच्या वसाहतीही रंगतात.

मोजणी: टोल्युइन लावलेल्या पेशी

तुमच्या अर्कात काही दिसलं नाही याची दोन कारणं आहेत. एन्झाइम-१ ला एटीपी चालत नाही. शिवाय पटलाचा बहुतेक भाग, आणि त्याच्यासोबत पीटीएसजी, सेंट्रिफ्यूजच्या गाळात गेलं. स्वच्छ निवळीत पहिली तीन प्रथिनं असतील, पण शेवटचं नाही. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पेशी न फोडता त्यांना भोकं पाडणं. टोल्युइन या द्रावकामुळे पीईपीसारखे लहान रेणू आत-बाहेर करू शकतात आणि प्रथिनं बऱ्याच अंशी आतच राहतात.

पेशी ग्लुकोजवर वाढवून ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) ०.५ ते ०.८ च्या दरम्यान काढा. पूर्ण वाढून थांबलेल्या पेशी घेऊ नका. थंड बफरने दोनदा धुवा: ५० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ७.५, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १ मिलिमोलर डीटीटी. डीटीटी विसरू नका, पीटीएसजीचं सिस्टीन ऑक्सिडाइज झालं की फॉस्फेट धरायला जागाच उरत नाही. त्याच बफरमध्ये पेशी ओडी १० च्या आसपास दाट करा. दर मिलिलिटरला १० मायक्रोलिटर टोल्युइन घालून ३० ते ४५ सेकंद व्होर्टेक्स करा आणि बर्फात ठेवा. जास्त टोल्युइन किंवा जास्त वेळ झाला तर लहान प्रथिनं बाहेर झिरपू लागतात आणि एचपीआर सगळ्यात लहान आहे. काम वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये) करा आणि नळी काचेची किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. पारदर्शक पॉलिस्टायरीन टोल्युइनमध्ये विरघळतं, क्युव्हेटही त्याचं नको.

मोजायचं काय? प्रत्येक शर्करेमागे एक पायरूव्हेट तयार होतं. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज त्याचं लॅक्टेट करताना एक एनएडीएच (३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषणारा सहकारी रेणू) खर्च करतं आणि ३४० नॅनोमीटरचं शोषण उतरतं. एका मिलिलिटरच्या क्युव्हेटमध्ये वरचाच बफर, ०.२ मिलिमोलर एनएडीएच (शोषण सुमारे १.२ येईल), १ ते २ मिलिमोलर पीईपी, ५ युनिट लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड आणि २० ते ५० मायक्रोलिटर पेशी घ्या. ३० किंवा ३७ अंशांवर दोन-तीन मिनिटं रेषा सरळ होऊ द्या, मगच शर्करा घाला. ग्लुकोज चालेल, पण अल्फा-मिथाइलग्लुकोसाइड जास्त चांगलं. ते मुख्यतः पीटीएसजीच घेतं, फॉस्फेट लागल्यावर पुढे त्याचं काही होत नाही आणि ग्लुकोकायनेजचा प्रश्नही मिटतो. त्याची केएम ग्लुकोजपेक्षा बरीच जास्त आहे, म्हणून ५ ते १० मिलिमोलर द्या. मॅनोज यंत्रणा पाहायची असेल तर २-डीऑक्सिग्लुकोज.

उतार दर मिनिटाला ०.०६२ असेल तर त्याला ६.२२ ने (एक मिलिमोलर एनएडीएचच्या शोषणाने) भागा: मिनिटाला ०.०१ मायक्रोमोल, म्हणजे १० नॅनोमोल. क्युव्हेटमध्ये ०.१ मिलिग्रॅम कोरड्या वजनाच्या पेशी असतील तर मिलिग्रॅममागे मिनिटाला १०० नॅनोमोल. आकडा पटण्याजोगा आहे का ते जिवंत पेशींशी ताडून पाहा. हवेत वाढणारा ई. कोलाय ग्रॅम कोरड्या वजनामागे तासाला साधारण ८ ते १० मिलिमोल ग्लुकोज खातो, म्हणजे मिलिग्रॅममागे मिनिटाला १३० ते १७० नॅनोमोल. तुमचा आकडा याच्या दहावा भाग आला तर पेशींना नीट भोकं पडलेली नाहीत किंवा एखादं अभिकर्मक खराब आहे. कोरडं वजन ओडीवरून काढायचं तर ओडी १ म्हणजे लिटरला ०.३ ते ०.४ ग्रॅम धरा.

इथे बिघडतं ते बहुतेक वेळा पार्श्वभूमीच्या उतारामुळे. पेशींच्या पटलात एनएडीएच ऑक्सिडाइज करणारी एन्झाइम असतात, ती शर्करेशिवायही उतार देतात. म्हणून शर्करेआधीचा उतार नंतरच्यातून वजा करायचा, आणि एक क्युव्हेट पीईपीशिवाय चालवायची. पायरूव्हेट कायनेज पीईपीपासून पायरूव्हेट करतं, पण त्याला एडीपी लागतं, त्यामुळे पेशी नीट धुवा आणि बफरमध्ये न्यूक्लिओटाइड येऊ देऊ नका. बाजारात पायरूव्हेट कायनेज आणि लॅक्टेट डिहायड्रोजिनेजचं तयार मिश्रणही मिळतं. ते इथे अजिबात वापरू नका, शुद्ध लॅक्टेट डिहायड्रोजिनेजच घ्या. जुन्या पीईपीत पायरूव्हेट साचलेलं असतं. तसं असेल तर पेशी घालण्याआधीच शोषण झपकन उतरतं आणि थांबतं. फ्लोराइड एनोलेजला रोखतं, म्हणजे पीईपी मागच्या दिशेने वाया जात नाही. पण मॅग्नेशियम आणि फ्लोराइड एकत्र आले की मॅग्नेशियम फ्लोराइडचा गढूळपणा येऊ शकतो आणि शोषण वर चढू लागतं. तसं दिसलं तर फ्लोराइडशिवाय मोजा आणि कंट्रोलवर भर द्या.

सुरुवातीची एक-दोन मिनिटं वेग कमी आणि मग वाढतो, असं शुद्ध केलेल्या प्रथिनांबरोबर हटकून होतं. एन्झाइम-१ जोडीने काम करतं. थंडीत आणि पातळ द्रावणात जोड्या सुटतात, ऊब, मॅग्नेशियम आणि पीईपी मिळाल्यावर पुन्हा जुळतात. पीईपी आणि मॅग्नेशियमसोबत ३७ अंशांवर काही मिनिटं आधी ठेवून मग शर्करा घाला. याच कारणाने एन्झाइम-१ निम्मं केलं तर वेग निम्म्याहून जास्त घसरू शकतो.

पेशीच्या अर्कात पायरूव्हेट आणि एटीपी दोन्ही असतील तर आणखी एक गोंधळ संभवतो: पीईपी सिंथेज त्यांच्यापासून पीईपी बनवतं आणि ‘एटीपीवर चालणारी पीटीएस’ दिसल्याचा भास होतो.

किरणोत्सारी शर्करा वापरण्याची सोय असेल तर निकाल जास्त स्वच्छ येतो. कार्बन-१४ लावलेलं अल्फा-मिथाइलग्लुकोसाइड वापरायचं, ऋण-आयन धरणाऱ्या रेझिनच्या छोट्या स्तंभातून मिश्रण सोडायचं, पाण्याने मोकळी शर्करा धुऊन टाकायची आणि फॉस्फेट लागलेली शर्करा १ मोलर लिथियम क्लोराइडने काढायची. एनएडीएचचा संबंधच उरत नाही. अखंड पेशींचं शोषण मोजताना १५, ३० आणि ६० सेकंदांना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरवर गाळा आणि धुण्याचं द्रावण पेशींच्या माध्यमाइतक्याच क्षारांचं ठेवा, साध्या पाण्याने पेशी गळतात. पेशी वाढत्या स्थितीत अल्फा-मिथाइलग्लुकोसाइडमध्ये फार वेळ ठेवू नका. आत साचलेल्या शर्करा-फॉस्फेटमुळे एसजीआरएस हा लहान आरएनए तयार होतो आणि पीटीएसजीच्या संदेशक-आरएनएचा नाश होतो. जे मोजायचं तेच कमी होत जातं.

फॉस्फेट कुठे बसलाय ते पाहणं

अनेकदा वेगापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असतो की ईआयआयए-ग्लुकोज या क्षणी फॉस्फेटसह आहे की त्याशिवाय. सुदैवाने प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणाऱ्या एसडीएस जेलवर फॉस्फेटसह असलेलं रूप किंचित मागे राहतं आणि ब्लॉटवर दोन पट्टे दिसतात. पण नमुना नेहमीच्या सवयीने ट्रायक्लोरोअसेटिक आम्लात टाकला तर सगळं संपलं. हिस्टिडीनवरचा फॉस्फेट आम्लात टिकत नाही, अल्कलीत टिकतो. म्हणून ०.२ मिलिलिटर कल्चर थेट २० मायक्रोलिटर १० मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ओता, १० सेकंद व्होर्टेक्स करा, मग ३ मोलर सोडियम अॅसिटेट ८० मायक्रोलिटर आणि इथेनॉल ०.९ मिलिलिटर घालून उणे ७० अंशांवर किमान पाव तास ठेवा आणि सेंट्रिफ्यूज करा. जेलवर चढवण्याआधी उकळू नका. आणि कल्चर आधी सेंट्रिफ्यूज करून पेशी गोळा करण्याचा मोहही टाळा, कारण ग्लुकोज मिळालं किंवा संपलं की ही स्थिती काही सेकंदांत बदलते.

ही स्थिती एवढी महत्त्वाची का, ते डायऑक्सीवरून, म्हणजे दोन टप्प्यांतल्या वाढीवरून, कळतं. जाक मोनो यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र दिले तर जिवाणू आधी ग्लुकोज संपवतो, थबकतो, मग लॅक्टोजकडे वळतो. ग्लुकोज आत येत असताना ईआयआयए-ग्लुकोजचा फॉस्फेट पुढे जात राहतो आणि ते बहुतांश फॉस्फेटशिवाय असतं. या रूपात ते लॅक्टोजच्या वाहक प्रथिनाला, माल्टोज वाहतुकीतल्या माल्के प्रथिनाला आणि ग्लिसरॉल कायनेजला चिकटून त्यांना रोखतं. लॅक्टोज आतच येत नाही, मग लॅक्टोज वापरणाऱ्या जनुकांचा लॅक ओपेरॉन उघडणार कसा? फॉस्फेटसह असलेलं रूप अॅडेनिलेट सायक्लेज या एन्झाइमला चालना देतं आणि त्याने बनणारं सीएएमपी (जनुकं चालू करायला मदत करणारा संकेत-रेणू) वाढतं. वर्गात डायऑक्सीचं सगळं श्रेय या सीएएमपीला दिलं जातं. ग्लुकोज आणि लॅक्टोजच्या डायऑक्सीत मात्र दार अडवणं हेच मुख्य कारण आहे, आणि शिकवताना हा क्रम उलटा सांगू नये असं मला ठामपणे वाटतं.

पीटीएसआय काढलेल्या वाणाने काम करणाऱ्यांना याचा थेट फटका बसतो. फॉस्फेटची साखळी पहिल्याच कडीला तुटलेली, म्हणजे ईआयआयए-ग्लुकोज कायम फॉस्फेटशिवाय. परिणाम असा की पीटीएसशी संबंध नसलेल्या लॅक्टोज, माल्टोज, ग्लिसरॉलवरही वाण रडतखडत वाढतो. सीआरआरही काढलं की अडवणूक सुटते, सीएएमपीची कमतरता मात्र राहते, आणि ती माध्यमात काही मिलिमोलर सीएएमपी घालून भरून काढता येते. रुग्णालयातल्या प्रयोगशाळेतही हा धागा सापडतो. फॉस्फोमायसिन हे प्रतिजैविक ग्लिसरॉल-फॉस्फेट आणि ग्लुकोज-६-फॉस्फेटच्या वाहक प्रथिनांतून आत शिरतं. ही प्रथिनं पुरेशी तयार व्हायला सीएएमपी लागतं. त्यामुळे पीटीएसआय बिघडलेले जिवाणू त्या औषधाला दाद देत नाहीत. संवेदनशीलता तपासताना फॉस्फोमायसिनच्या २०० मायक्रोग्रॅमच्या डिस्कमध्ये ५० मायक्रोग्रॅम ग्लुकोज-६-फॉस्फेट मुद्दाम घातलेलं असतं, ते हे दुसरं दार उघडं राहावं म्हणून.

उद्योगात पीटीएसचा स्वस्तपणाच आड येतो. एका ग्लुकोजपासून दोन पीईपी मिळतात आणि त्यातला एक पुढच्या ग्लुकोजला आत घेण्यात जातो. शिकिमेट, फेनिलअॅलानिन, ट्रिप्टोफॅन यांचा मार्ग पीईपी आणि एरिथ्रोज-४-फॉस्फेटपासून सुरू होतो. त्याच्या पहिल्या पदार्थाचं, डीएएचपीचं, सैद्धांतिक उत्पादन पीटीएस असताना ग्लुकोजच्या मोलमागे ०.४३ मोल आणि पीटीएसऐवजी गॅलपी-ग्लुकोकायनेजचा रस्ता वापरला तर ०.८६ मोल आहे. म्हणजे तुम्ही जे जनुक काढलं, तेच इथे मुद्दाम वाढवलं जातं.

ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंकडे वळायचं असेल तर एक सावधगिरी लगेच सांगतो. लॅक्टोकॉकस लॅक्टिस आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस लॅक्टोजही पीटीएसने घेतात, आत येतं ते लॅक्टोज-६-फॉस्फेट आणि ते फोडतं ६-फॉस्फो-बीटा-गॅलॅक्टोसिडेज. टोल्युइन लावलेल्या पेशींना साधं ओएनपीजी (फुटल्यावर पिवळा रंग देणारा, लॅक्टोजच्या जागी वापरला जाणारा पदार्थ) दिलं तर पिवळा रंग येत नाही, आणि वाणात लॅक्टोज फोडणारं एन्झाइमच नाही असं लिहिलं जातं. ओएनपीजी-६-फॉस्फेट द्या, किंवा ओएनपीजीसोबत पीईपी घाला, रंग येईल. लॅक्टोकॉकसमध्ये ही जनुकं बहुधा प्लाझ्मिडवर असतात. विरजणाचा वाण ग्लुकोजवर वारंवार उतरवत राहिलात तर दूध जमवण्याचा गुण हरवू शकतो, म्हणून साठा दूध किंवा लॅक्टोज असलेल्या माध्यमावरच ठेवा. दह्यातला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस मात्र लॅक्टोज पीटीएसने घेत नाही. तो लॅक्टोज आत घेताना बदल्यात गॅलॅक्टोज बाहेर सोडतो आणि लॅक्टोज साध्या बीटा-गॅलॅक्टोसिडेजने फोडतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत नेहमीची ओएनपीजी चाचणी बरोबर चालते.